बीमचं शटरिंग हलकं आणि तरीही ताठ कसं करायचं: हिशेबासह पूर्ण रचना

गिरगावातल्या एका जुन्या चाळीच्या जागी तळमजला अधिक चार मजल्यांची इमारत उभी राहत होती आणि मी तिथं साइटवर होतो. गल्ली इतकी अरुंद की टेम्पो तोंडाशीच उभा राहायचा, पुढचा सगळा माल डोक्यावरून. पहिल्या मजल्याच्या शटरिंगला, म्हणजे ओलं काँक्रीट घट्ट होईपर्यंत धरून ठेवणाऱ्या तात्पुरत्या साच्याला, भाड्याच्या लोखंडी प्लेटा लावल्या. त्या जिन्यावरून वाहताना माणसं दुपारपर्यंत थकून जायची. थकलेल्या माणसाने घाईत ठोकलेल्या खिळ्याचं काय होतं, ते स्लॅब भरल्यावर कळलं. रस्त्याकडच्या बीमला बाहेरून पोट सुटलं होतं. सुतार म्हणाला, एवढं जड शटरिंग असूनही फुगलं कसं?

त्याच्या प्रश्नातच चूक दडलेली आहे. जड म्हणजे ताठ, असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ताठपणा येतो तो लाकडाच्या किंवा पत्र्याच्या खोलीतून, आधारांच्या अंतरातून आणि सांधा कसा धरलाय त्यातून. पुढच्या मजल्यांना आम्ही १२ मिमी प्लाय आणि लाकडाच्या रिपांचं शटरिंग स्वतः बनवलं. त्यातला जड तुकडा २२ किलोचा होता. बीम सरळ आले. ती रचना इथे टप्प्याटप्प्याने देतो, हिशेबासकट, म्हणजे तुमच्या बीमच्या मापाला तुम्ही ती बसवू शकाल.

उदाहरणाला मुंबईत घरोघरी दिसणारा बीम घेऊ: रुंदी २३० मिमी, एकूण खोली ६०० मिमी, वरचा स्लॅब १२५ मिमी. म्हणजे स्लॅबच्या खाली बीम ४७५ मिमी उतरतो. मजल्याची उंची ३ मीटर.

आधी एक गणित, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे

५० बाय ७५ मिमीचं एकच लाकूड घ्या. ते आडवं, म्हणजे ५० मिमी खोलीत ठेवलं तर जेवढं वाकेल, त्याच्या निम्म्याहूनही कमी ते ७५ मिमी खोलीत उभं ठेवल्यावर वाकतं. फरक सव्वादोन पट. लाकूड तेच, वजन तेच, पैसे तेच. ताठपणा खोलीच्या घनाने वाढतो आणि रुंदीच्या नुसत्या पटीने, म्हणून हे होतं.

दुसरी गोष्ट अंतराची. दोन आधारांमधलं अंतर दीडपट केलं की झोल (वजनाने मधे येणारा बाक) दीडपट होत नाही, पाचपट होतो, कारण तो अंतराच्या चौथ्या घाताने वाढतो. साइटवर प्रॉप, म्हणजे शटरिंगखालचे लोखंडी टेकू, कमी पडले की ‘थोडं लांब लांब लाव’ असं सर्रास सांगितलं जातं. त्या ‘थोडं’ची किंमत ही.

आणि तिसरी गोष्ट: या मापांच्या शटरिंगमध्ये लाकूड मोडायच्या बऱ्याच आधी ते वाकून त्रास देतं. म्हणून हिशेब आधी वाकण्याचा करायचा, मग मजबुतीची खात्री करायची. मी झोलाची मर्यादा अंतराच्या २७० व्या भागाइतकी धरतो. ८०० मिमी अंतराला ती साधारण ३ मिमी, म्हणजे मिस्त्रीच्या भाषेत एक सूत. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात बीमच्या छेदाच्या मापाला अधिक १२ आणि उणे ६ मिमीची सूट आहे, पण ती सगळी शटरिंगनेच खाल्ली तर बाकीच्या चुकांना जागा उरत नाही.

वजन किती येणार

ओल्या काँक्रीटचं सळईसकट वजन मी घनमीटरला २६०० किलो धरतो. ६०० मिमी खोलीला ते चौरस मीटरला १५६० किलो होतं. शटरिंगचं स्वतःचं ५० किलो. माणसं, व्हायब्रेटर, पाइप यांचे २५०. बेरीज १८६० किलो. बीमची रुंदी २३० मिमी, म्हणून दर मीटर लांबीला सुमारे ४२८ किलो. मजबुती तपासताना हा आकडा घ्यायचा. झोल तपासताना माणसांचं वजन सोडून १६१० किलोने चालतं, कारण माणसं खाली उतरली की तेवढा झोल परत जातो, काँक्रीटमुळे आलेला मात्र तसाच गोठतो.

बाजूचा दाब वेगळा. ओलं काँक्रीट पाण्यासारखं ढकलतं: वर शून्य, खाली सगळ्यात जास्त. या बीमच्या तळाशी तो चौरस मीटरला १५६० किलोच आहे. काही जण काँक्रीट घट्ट होत जातं म्हणून दाब कमी धरतात. भिंती किंवा कॉलम सावकाश भरताना ते ठीक आहे. बीम पंपाने काही मिनिटांत भरतो आणि वर व्हायब्रेटर चालतो, त्यामुळे इथे पूर्ण दाब धरा.

बीम बॉटम

बॉटम म्हणजे साच्याचा तळ: २३० मिमी रुंद, २४०० मिमी लांब, १२ मिमी जाड, फिल्म लावलेला शटरिंग प्लाय. खाली दोन्ही कडांना चपखल दोन लाकडं, ५० बाय ७५, उभी. प्लाय आडवा फक्त १३० मिमीची दरी ओलांडतो, त्यामुळे त्याच्या वाकण्याची चिंता उरत नाही. लाकडांशिवाय नुसता प्लाय लांबीच्या दिशेने ३०० मिमीवर टेकवून पाहिला तर हिशेबाने तो २ मिमीहून जास्त वाकतो, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. प्लायचं काम कातडीसारखं, ताठपणा लाकडांचा.

लाकडांखाली आधार, म्हणजे प्रॉपच्या डोक्यावरचं आडवं लाकूड, किती अंतरावर? प्लाय ८ फुटी, म्हणजे धरून चाला २४०० मिमी. त्याचे तीन सारखे भाग केले की ८०० मिमी. प्रत्येक सांधा आपोआप आधारावर येतो, मधे लोंबत नाही. प्रत्येक लाकडावर झोलाच्या हिशेबाने मीटरला १८५ किलो येतात. ओलं होऊन वाळलेलं, अनेकदा वापरलेलं लाकूड म्हणून लवचीकतेचा गुणांक (जितका जास्त तितकं लाकूड ताठ) मी ८००० न्यूटन प्रति चौरस मिमी इतकाच धरला. झोल येतो ०.७ मिमी. हेच अंतर १२०० केलं तर साडेतीन मिमी. तेही मर्यादेत बसतं, पण मग लाकडातली एक गाठ किंवा एक ढिला प्रॉप तुम्हाला मर्यादेबाहेर न्यायला पुरतो. मजबुतीत ८०० मिमीला ताण चौरस मिमीला पावणेचार न्यूटनच्या आत राहतो, चांगल्या पाइनला तो सहज झेपतो.

इथे लाकूड विकत घेताना फसू नका. दुकानात ‘दोन बाय तीन’ म्हणून मिळणारं लाकूड रंधा मारून पुष्कळदा ४५ बाय ७० भरतं. डोळ्याला फरक कळत नाही, पण ताठपणा २७ टक्के कमी झालेला असतो. रे रोडच्या दारूखान्यात जा किंवा जवळच्या वखारीत, टेप खिशात ठेवा आणि भरलेल्या मापावरून हिशेब करा. ज्या लाकडात मधोमध मोठी गाठ किंवा पीळ आहे, ते बॉटमला वापरू नका. कापून ठोकळे करा.

१२२० मिमी रुंद शीटमधून असे पाच बॉटम निघतात, करवतीचा बुरा धरूनही. एका बॉटमचं वजन साधारण १५ किलो.

बीम साइड

इथे मी जरा थांबतो, कारण बीम बिघडतो तो बहुतेक वेळा इथे.

साइडचा प्लाय बॉटमच्या वर उभा करायचा की बॉटमच्या बाहेरून खाली उतरवायचा? बाहेरून उतरवा. तो थेट खालच्या आडव्या लाकडावर टेकू द्या. दोन फायदे आहेत. दाबाने साइड बाहेर सरकू पाहते तेव्हा तिचा पाय अडवायला आडव्या लाकडावर जागा मिळते. आणि काँक्रीट भरून झाल्यावर बॉटमला आणि प्रॉपला हात न लावता साइड आधी काढता येते. साइड बॉटमच्या डोक्यावर उभी असेल तर तिचा पाय धरून ठेवायला फक्त खिळे उरतात.

उंचीचा हिशेब असा. आडव्या लाकडापासून बॉटमचं लाकूड ७५, त्यावर प्लाय १२, त्यावर बीमची बाजू ४७५, पण त्यातले वरचे १२ मिमी स्लॅबच्या प्लायसाठी सोडायचे, कारण तो साइडच्या डोक्यावर येऊन आतल्या कडेला बरोबर मिळतो. एकूण ५५० मिमी. एका शीटमधून दोन निघतात आणि १२० मिमीची पट्टी उरते, ती कॉलमजवळच्या तुकड्यांना कामी येते.

साइडच्या पाठीवर लांबीच्या दिशेने तीन रिपा, ५० बाय ५०. त्यांचे मध्य आडव्या लाकडापासून अंदाजे १००, ३०० आणि ५२५ मिमीवर. खालची दोन अंतरं जवळ आहेत कारण दाब खाली जास्त. मधल्या रिपेवर मीटरला सुमारे २१० किलो येतात. ८०० मिमीचा एकेक सुटा तुकडा धरला तर ती पावणेतीन मिमी वाकेल, पण रीप तीन भागांवर अखंड जाते, त्यामुळे प्रत्यक्षात निम्म्यावर, दीड मिमीच्या आत राहते. म्हणून रीप मधे तोडून जोडायची नाही. तुकडे वापरून पैसे वाचवायचा मोह होतो, आणि नेमका तिथेच बीमला पोट सुटतं.

प्लायला रिपा स्क्रूने लावा, ४० मिमीचे, दर २०० मिमीवर. खिळा व्हायब्रेटरच्या थरथरीने सैल होतो आणि काढताना प्लायचा पापुद्रा घेऊन येतो. पूर्ण साइडचं वजन २२ किलोच्या आसपास. तुलनेला सांगतो: नुसता ३ मिमी लोखंडी पत्रा चौरस मीटरला साडेतेवीस किलो, अँगल वेगळे. १२ मिमी प्लाय साधारण ९ किलो.

आता पायाचा हिशेब. एका बाजूचा एकूण ढकलणारा जोर मीटरला सुमारे ४५० किलो. तो मधोमध लागत नाही, बीमच्या तळापासून साधारण १८५ मिमीवर लागतो. म्हणून त्यातले २७० किलो तळाला येतात आणि १७५ किलो वरच्या कडेला. आधार ८०० मिमीवर आहेत, तेव्हा प्रत्येक ठिकाणी तळाशी २२० किलो आणि वर १४० किलो अडवायचे आहेत.

प्रत्येक आडव्या लाकडावर साइडच्या पाठीला ५० बाय ७५ चं उभं लाकूड लावा, तिन्ही रिपांना टेकलेलं. त्याच्या पायाशी आडव्या लाकडावर एक ठोकळा ठोका आणि ठोकळा व उभं लाकूड यांच्या मधे पाचर मारा. पाचरेमुळे साइड बॉटमच्या कडेला घट्ट दाबली जाते, स्लरी, म्हणजे सिमेंटचं पाणी, गळत नाही. ठोकळ्याचे खिळे वरून खाली गेले पाहिजेत, म्हणजे जोर खिळ्याच्या अंगावर आडवा येतो. बाजूने ठोकलेला खिळा त्याच जोराने उपटला जातो. २२० किलोला चार खिळे कमीत कमी. मी पाच मारतो.

वरचे १४० किलो आतल्या बीमला दोन्ही बाजूंचं स्लॅबचं शटरिंग घेतं, पण ते चपखल भिडलेलं असलं तरच. शिवाय उभ्या लाकडाच्या वरच्या भागातून आडव्या लाकडाच्या टोकापर्यंत एक तिरकी रीप द्या. त्यासाठी आडवं लाकूड १२०० मिमी लांब हवं. साइटवर ९०० चं मिळतं आणि तिरकी रीप लटकी पडते.

एक आणखी, हिशेबात न धरलेली ताकद. साइड बॉटमच्या लाकडाला बाहेरून दर ३०० मिमीवर लांब स्क्रूने पकडा. ५५० मिमी खोलीचा उभा प्लाय त्याच्या उभ्या दिशेने त्या ७५ मिमी लाकडाच्या कितीतरी पट ताठ आहे. आकडा मांडला तर नव्वद पटीहून जास्त. तो बॉटमशी जोडला की तिन्ही मिळून एक पन्हाळ तयार होते, आणि एखादा प्रॉप किंचित बसला तरी बीमची रेषा तुटत नाही. स्क्रू बाहेरून असल्यामुळे काढताना अडचण नाही. मी हे हिशेबात धरत नाही, कारण स्क्रू किती आणि कसे बसले याची खात्री प्रत्येक मजल्यावर देता येत नाही. पण लावायचे जरूर.

रस्त्याकडचा बीम

बाहेरच्या बाजूला स्लॅब नाही. म्हणजे साइड पूर्ण ६०० मिमीची, आडव्या लाकडापासून ६८७. वरच्या कडेला अडवायला पलीकडे काहीच नाही. आमच्या पहिल्या मजल्यावर फुगलेला बीम हाच होता: तिरक्या रिपा होत्या, पण आखूड आडव्या लाकडावर, उभ्या चढलेल्या. त्या ढकलण्याऐवजी वर सरकल्या. नंतर तीन दिवस छिन्नी-हातोड्याने ते पोट काढावं लागलं, खाली लोकांची ये-जा सुरू असताना.

तेव्हापासून बाहेरच्या बीमला माझा नियम वेगळा आहे. आडवं लाकूड बाहेर ६०० मिमी, तिरकी रीप ४५ अंशांच्या जवळ, आणि वरची कड आतल्या साइडला वरून आडव्या पट्टीने बांधलेली. पट्टी काँक्रीटच्या पातळीच्या वर राहील अशी ठेवा, म्हणजे फिनिशिंगला अडत नाही. बीम ७५० मिमीहून खोल असेल तर दोन्ही साइड एकमेकींना बांधणारे आरपार टाय रॉड घालाच. त्याशिवाय लाकूड वाढवत बसणं म्हणजे पुन्हा वजनाच्याच वाटेला जाणं.

आडवं लाकूड आणि प्रॉप

आडवं लाकूड ७५ बाय १००, १०० मिमी खोलीत ठेवून. त्याखाली आतल्या बीमला एक प्रॉप चालतो असं बहुतेक साइटवर मानलं जातं. मला ते पटत नाही. स्लॅबचा माल एका बाजूला आधी पडला की एका प्रॉपवरचं आडवं लाकूड तराजूसारखं कलतं. ४५० मिमी अंतरावर दोन प्रॉप द्या. एकच द्यायचा असेल तर डोक्याला दोन्ही बाजूंनी तिरके आधार हवेत.

वजन बघू. नुसत्या बीमचं दर आधाराला साडेतीनशे किलोच्या आत. पण स्लॅबच्या शटरिंगचा काही भाग साइडवर टेकतोच, कितीही स्वतंत्र ठेवला तरी. स्लॅबचं वजन माणसांसकट चौरस मीटरला ६२५ किलो, दोन्ही बाजूंनी ६०० मिमी पट्टा धरला तर मीटरला आणखी ७५० किलो. मग एका आधारावर साडेनऊशे किलोच्या आसपास येतात. प्रॉपची ताकद त्याच्या उंचीवर अवलंबून असते. जितका जास्त उघडाल तितकी ती झपाट्याने उतरते, म्हणून भाड्याने देणाऱ्याकडून तुमच्या उंचीचा आकडा मागा. मधल्या उंचीवर दोन्ही दिशांना आडवे पाइप क्लॅम्पने जोडले की प्रॉपची मोकळी लांबी निम्मी होते आणि वाकून जाण्याला विरोध कागदावर चौपट वाढतो. हा सगळ्यात स्वस्त ताठपणा आहे, आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा. याशिवाय उभ्या वजनाच्या अडीच टक्के आडवा धक्का धरून काही ठिकाणी तिरके पाइप द्या. प्रॉपच्या पिनेच्या जागी सळईचा तुकडा घालू नका.

तळमजल्यावर प्रॉप भरावावर उभे असतात. १५० मिमीच्या चौकोनी पायाखाली ४७० किलो म्हणजे चौरस सेंटिमीटरला दोन किलोहून जास्त. मुंबईतला भराव, त्यात पावसाचं पाणी जिरलेलं, हे सहन करत नाही. ५० मिमी जाड, २३० मिमी रुंद फळी अखंड घाला, दाब चौथ्या हिश्श्याच्या जवळ येतो. फळीखालची जागा धुम्मसने ठोकून समतल करा. विटांचे थर लावून उंची गाठू नका.

वरच्या मजल्यांवर प्रश्न वेगळा. राहत्या घराचा स्लॅब आयएस ८७५ या भारांच्या मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराच्या भारासाठी असतो. त्याच्यावर आपण ६२५ किलोचा ओला स्लॅब प्रॉपवरून उतरवतो, तेही तो स्लॅब दोन-तीन आठवड्यांचा असताना. म्हणून खालच्या निदान दोन मजल्यांचे टेकू तसेच हवेत, आणि वरचा प्रॉप खालच्या प्रॉपच्या बरोबर डोक्यावर. जुन्या चाळीत एकच मजला नव्याने भरताना, खाली लाकडी तुळया असतील, तर टेकू थेट जमिनीपर्यंत नेल्याशिवाय हात लावू नका.

जागेवर बसवताना

कॉलमवर एक मीटरची लेव्हल पाण्याच्या नळीने फिरवा आणि बीमचा तळ तिथून मोजा. आधी दोन्ही टोकांचे प्रॉप, मग दोरी, मग मधले. मधल्या प्रॉपना दोरीच्या किंचित वर उचला. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विनिर्देशात बीमला मीटरला ४ मिमी उठाव सांगितला आहे, म्हणजे ४ मीटरच्या बीमला मध्यावर १६ मिमी. नकाशावर स्ट्रक्चरल इंजिनिअरने वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा.

बॉटम बसला की एक साइड ओळंब्यात उभी करून पक्की करा. सळई बांधून, कव्हर ब्लॉक (सळई प्लायपासून दूर ठेवणारे ठोकळे) लावून झाल्यावर दुसरी. सळई बांधणाऱ्या फिटरला वाकून जाळीतून हात घालायला लागत नाही आणि बॉटम झाडूनही घेता येतो. शटरिंग ऑइल सळई ठेवण्याआधी, पातळ हाताने, फडक्याने. गॅरेजचं जळकं ऑइल वापरू नका. डाग राहतात आणि पुढे प्लास्टर नीट धरत नाही. कापलेल्या प्लायच्या कडा पहिल्याच दिवशी ऑइल पेंटने बंद करा. जूनमध्ये उघड्या कडा पाणी पितात, फुगतात, आणि मग दोन तुकड्यांमधली फट कधीच मिटत नाही. सांध्यांवर टेप. कॉलमच्या कोपऱ्यात साइडला हाताएवढी खिडकी ठेवा, बाइंडिंग वायर आणि भुसा तिथून काढा, भरण्याआधी बंद करा.

आदल्या संध्याकाळी मी एकटाच खालून फिरतो. प्रत्येक पाचर हातोडीने वाजवून बघायची. घट्ट पाचर टणक वाजते, सैल पाचर बद्द.

भरताना

आधी बीम, मग स्लॅब. बीम दोन थरांत. एकाच जागी ढीग होऊ देऊ नका: १२५ मिमीच्या स्लॅबवर ६०० मिमीचा ढीग म्हणजे तिथे हिशेबाच्या पावणेपाच पट काँक्रीट. व्हायब्रेटरची सुई प्लायला टेकवू नये. फिल्म फाटते आणि तिथलं काँक्रीट खडबडीत येतं.

पूर्ण वेळ एक सुतार खाली हवा, हातोडी आणि जास्तीच्या पाचरा घेऊन, पण भरणं चालू असलेल्या भागाच्या थेट खाली नव्हे. बॉटमला मध्यावर एक खिळा ठोकून त्याला दोरीने वजन लोंबकळत ठेवा आणि खाली जमिनीवर खूण करा. वजन खुणेच्या जवळ येऊ लागलं की कळतं काय चाललंय. तीन मिमीपर्यंत बघत राहा. पुढे जातच राहिलं तर वर ओरडून भरणं थांबवा, आणि काँक्रीट ओलं असतानाच प्रॉपचा स्क्रू फिरवा. काँक्रीट घट्ट होऊ लागल्यावर स्क्रूला हात लावू नका, तडा जाईल.

काढताना

आयएस ४५६ मधले दिवस साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी आहेत, तापमान १५ अंशांच्या खाली नसताना. मुंबईत तापमानाची अडचण क्वचितच. बीमची साइड १६ ते २४ तासांनी. बीमचा बॉटम, टेकू लगेच परत लावणार असाल तर, ७ दिवसांनी. बीमचे प्रॉप ६ मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) १४ दिवस, त्याहून मोठ्याला २१ दिवस. आज बहुतेक साइटवर फ्लाय अॅश किंवा स्लॅगचं सिमेंट येतं आणि ते सुरुवातीला सावकाश ताकद घेतं, तेव्हा हे दिवस किमान समजा आणि साइटवरच पाण्यात ठेवलेल्या क्यूबचा (काँक्रीटच्या चाचणी-ठोकळ्यांचा) निकाल बघून ठरवा. ठेकेदार प्लेटा सोडवायची घाई करतो, कारण भाडं रोज चढतं. स्वतःच्या प्लायला ते भाडं नाही.

साइड एका दिवसात सुटायची असेल तर स्लॅबच्या प्लायला बीमच्या कडेपासून १५० मिमीच्या आत स्वतःचा रनर (प्लायखालचं लांब लाकूड) आणि प्रॉप हवा, नाहीतर तो साइडवर बसलेला असतो. काढताना आधी पाचरा, मग स्क्रू, मग साइडचा पाय बाहेर ओढून साइड मोकळी. पहार घालून उचकटू नका, बीमची कड तुटते. प्रॉप मध्यापासून टोकांकडे सैल करत जा, एकेक फेरीत थोडे थोडे. कँटिलिव्हर, म्हणजे एकाच टोकाला धरलेला बीम, असेल तर उलट, मोकळ्या टोकाकडून भिंतीकडे.

खाली उतरवलेला प्रत्येक तुकडा त्याच दिवशी खरवडून, पुसून, क्रमांक टाकून, सपाट रचून ठेवा, वर ताडपत्री, खाली हवा खेळायला विटा. भिंतीला तिरका टेकवून ठेवलेला प्लाय आठवड्यात पीळ घेतो. आमच्या चारही वरच्या मजल्यांना तेच तुकडे फिरले. फक्त कॉलमजवळचे छोटे तुकडे दोनदा नवे कापावे लागले.

ही मापं २३० बाय ६०० बीम आणि ३ मीटर उंचीपुरती आहेत. प्रॉप ४ मीटरहून उंच जात असतील, बीमवर कॉलम उभा राहणार असेल, किंवा खोली ७५० मिमी ओलांडत असेल, तर शटरिंगचा हिशेब आणि नकाशा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून सहीनिशी घ्या. आणि बीम बदलला की पहिल्यापासून आकडे मांडा: आधी वजन, मग बॉटमचं लाकूड, मग साइडचा पाय, मग प्रॉप.